सिगार कटर बनवतोय: कामाच्या नोंदी (धार लवकर जमली, गॅपने रडवलं)

९ फेब्रुवारी

दोन पात्यांचा, एका हाताने चालणारा, खिशात मावणारा सिगार कटर करायचाय. वापरणार आमचे दाजी, ताईचे मिस्टर, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहेत. मी स्वतः सिगार सोडा, साधी बिडी पण ओढत नाही, त्यामुळे ओढण्यातलं सगळं ज्ञान त्यांचं आणि लोखंडातलं माझं असा हिशोब आहे. टूलरूममध्ये नोकरी, हे काम रविवारी आणि संध्याकाळी, भोसरीत मित्राच्या शेडमध्ये. कुणाला असंच काही करायचं असेल तर पैसे आणि वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवतोय.

दाजींनी सांगितलेलं थोडक्यात असं. सिगारचं ओढायचं टोक बंद असतं, त्यावर पानाचीच एक छोटी टोपी चिकटवलेली असते. ती टोपी वरून दीड-दोन मिलिमीटर उडवायची, जास्त नाही. टोपी जिथे संपते त्या रेषेच्या खाली कट गेला की वरचं पान धरून ठेवायला काही उरत नाही आणि ओढता ओढता ते सुटत जातं. कट सरळ पाहिजे, टोक चपटं व्हायला नको, पानाला चीर जायला नको. बाजारातले स्वस्त कटर पहिला महिना बरे चालतात, मग पाती हलायला लागतात आणि कापायच्या ऐवजी चावतात.

त्यांची अजून एक अट, जहाज हलत असताना पण जमलं पाहिजे.

१२ फेब्रुवारी

भोकाचा साइज. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये सांगतात, एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. म्हणजे ६४ गेज असेल तर बरोबर एक इंच. दाजी आणतात त्यातल्या क्युबन सिगार घेऊन हिशोब केला: मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ ला ४२ गेज म्हणजे १६.७ मिमी, पार्टागास सेरी डी नंबर ४ ला ५० म्हणजे १९.८, मॉन्टेक्रिस्टो नंबर २ (ही टोकदार असते, हिचा त्रास पुढे आहे) ५२ म्हणजे २०.६. कोहिबा बेहिकेमध्ये एक ५६ ची आहे, ती २२.२ येते, पण ती काय ते रोज ओढत नाहीत.

आधी वाटलं २५ चं भोक करू, सगळ्याच बसतील. पण भोक जेवढं मोठं तेवढी पात्यांना जास्त धाव लागते, म्हणजे कटर लांब, म्हणजे बोटं जास्त फाकवावी लागणार. आणि नाहीतरी आत फक्त टोपी जाते, टोपीचा खांदा गोल उतरता असतो. म्हणून २२ मिमी फिक्स. ५६ ची सिगार खांद्यावर अडकून आपोआपच थांबेल, ते उलट बरंच.

२३ फेब्रुवारी

बॉडीचे दोन आकार प्लास्टिकमध्ये प्रिंट करून बघितले. एक नेहमीचा, दोन बाजूंना दोन बोटांच्या रिंगा, ओढून उघडायचा आणि दाबून कापायचा. दुसरा आतून स्प्रिंग असलेला, मुठीत धरून दाबायचा. दुसरा दिसायला भारी वाटतो पण त्यात पाती कायम स्प्रिंगवर असतात, बंद ठेवायला कुलूप लागतं, म्हणजे अजून दोन पार्ट. रिंगांचा घेतला.

रिंगेचं आतलं माप मी माझ्या बोटावरून २१ ठेवलं होतं. दाजींना फोटो पाठवला तर त्यांनी उलट त्यांच्या अंगठ्याचा व्हर्नियर (माप घ्यायचा चिमटा) लावलेला फोटो पाठवला, २४ च्या वर. आयुष्यभर नट-बोल्टचे पाने फिरवलेला माणूस आहे. रिंग २६ केली. मोठी केलेल्या रिंगेमुळे माझ्या हातात कटर थोडा सैल वाटतो पण वापरणार ते आहेत.

प्रिंटचा खर्च साडेचारशे, यातला निम्मा पहिल्या छोट्या रिंगांवर गेला.

८ मार्च

पहिला धातूचा नमुना. बॉडीच्या दोन प्लेटा स्टेनलेस ३०४, २ मिमी, लेझर कटिंगवाल्याकडून. त्याच शीटमध्ये पाती पण काढली, कारण लेझरवाल्याचं कमीत कमी बिल नऊशे होतं आणि जागा शिल्लक होती. ३०४ तापवून कडक करता येत नाही हे शाळेत असल्यापासून माहितीय, पण आकार तपासायला चालेल म्हटलं. आकार तपासून झाला. धार दुसऱ्या दिवशी वळली.

आकाराबद्दल मात्र कामाचं कळलं. मी पात्यांची धार सरळ ठेवली होती, करवतीच्या पट्टीसारखी एका रेषेत. दोन्ही बाजूंनी सरळ धार आली की सिगार आधी चपटी होते, अंडाकृती, मग कापते. तोपर्यंत टोपीला कडेने चिरा गेलेल्या असतात.

१५ मार्च

पात्यांची धार आत वळलेली केली, कमान. कमानीची त्रिज्या भोकाएवढीच, ११ मिमी. आता उघड्या अवस्थेत दोन कमानी मिळून पूर्ण गोल होतो आणि दाबत गेलं की मधली उघडी जागा डोळ्याच्या आकाराची होत होत एका ठिपक्यात संपते. फायदा असा की दोन्ही कडांचे कोपरे कात्रीसारखे बाहेरून आत कापत येतात, सगळी धार एकदम सिगारवर बसत नाही. मी मध्ये एकदा १८ त्रिज्येची उथळ कमान पण करून बघितली कारण धार लावायला सोपी जाईल असं वाटलं, ती सरळ पात्यापेक्षा फार काही वेगळी वागली नाही. ११ च ठेवा.

एकदा जोडणी करताना दोन्ही पात्यांचा ढाळ आतल्या बाजूला आला. धार एकाच बाजूने घासलेली असते, सपाट बाजू एकमेकांकडे आणि ढाळ बाहेर असं पाहिजे. उलटं झालं तर ढाळ एकमेकांना ढकलतात आणि पाती उघडतात. पातं हातात घेतल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, मार्करने खूण करा.

२९ मार्च

खरी पाती. ४२० स्टेनलेस, १ मिमी शीट, कडक करायला हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दिली. ते लोक किलोवर घेतात, माझी पाती सगळी मिळून शंभर ग्रॅम नाहीत, तरी मिनिमम लॉटचे पैसे द्यावे लागले, बाराशे. दुसऱ्या कुणाच्या लॉटमध्ये घालून द्या म्हटलं तर आठवडाभर थांबा म्हणाले, थांबलो.

हार्डनेस बरोबर आला, ५० च्या वर. पण पाती तळलेल्या पापडासारखी वाकडी होऊन आली. १ मिमीचं पातळ पातं, त्यात मध्ये मोठी कमान आणि कमानीच्या दोन टोकांना पुढे आलेले दोन बारीक कान, एका बाजूला माल जास्त आणि दुसरीकडे कमी, थंड होताना ओढलं जाणारच. दोन जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये दाबून थंड केली असती तर कदाचित सरळ राहिली असती, पण ते त्यांच्या भट्टीत माझ्या चार पात्यांसाठी कोण करणार. व्हाइसमध्ये धरून सरळ करायला गेलो, एक टचकन तुटलं. बाकीची भंगारात.

इथे माझे दोन आठवडे गेले. घरगुती काम करणाऱ्याला माझा सल्ला, हीट ट्रीटमेंटच्या नादाला लागू नका, आधीच कडक केलेली पट्टी आणा आणि वायरकटने (विजेच्या तारेने कापणारं मशीन) कापा. वायरकटला माल कडक आहे की मऊ याने काही फरक पडत नाही, ठिणगीने खातो तो.

५ एप्रिल

ईएन ४२ जे ची स्प्रिंग पट्टी आणली, कडक करूनच मिळते, ०.८ मिमी. सहा तुकडे एकावर एक बोल्टने आवळून वायरकटवर एकदम कापून घेतले. आकार कडेला उघडा आहे म्हणून वायर बाहेरूनच आत शिरते, स्टार्टचं भोक मारावं लागत नाही. कान दोन्ही बाजूंना मध्यरेषेच्या २ मिमी पुढे नेले. हे महत्त्वाचंय. कान नुसते मध्यरेषेपर्यंत असतील तर पूर्ण उघडल्यावर दोन पाती एकमेकांपासून सुटतात आणि परत बंद करताना टोकाला टोक आपटतं, धारेला खाच पडते. २ मिमी पुढे असले की पाती उघडी असताना पण ४ मिमी एकमेकांवर बसलेली राहतात, सुटायचा प्रश्नच नाही. बाजारातला कुठलाही चांगला कटर उघडून बघा, असंच असतं.

वायरकटचं बिल एकोणीसशे. सहा पाती, म्हणजे तीन सेट.

१२ एप्रिल

टेस्ट कशावर करायची. खरी सिगार महाग, कापून फेकायला कोण देणार. मी तमिळनाडूकडचे चिरूट आणले, स्वस्त, जाडी पण बरी. कटरने मस्त कापले, एकदम साफ. दाजींना व्हिडिओ पाठवला. त्यांचा रिप्लाय, "अरे चिरूटला टोपी कुठे असते, तो दोन्हीकडून कापलेलाच येतो." म्हणजे जी गोष्ट तपासायची ती त्या मालात नाहीच. चिरूट मित्राच्या वॉचमनला देऊन टाकले, तो खूश.

मग बाजारातून तंबाखूची अख्खी पानं आणली, खायच्या तंबाखूची मिळतात ती. आत चुरा, वर पान ओलसर करून गुंडाळलं, टोकाला गोल कापलेला तुकडा मैद्याच्या खळीने चिकटवून टोपी. सिगार वळणारे पण वनस्पतीचा डिंकच वापरतात म्हणे. पहिल्या दोन-तीन बघण्यासारख्या नव्हत्या, मग हात बसला. ओल्या हाताने तंबाखू मळत बसलात तर डोकं गरगरतं, हातमोजे घाला.

१९ एप्रिल

पाती नवीन, धार दाढीच्या ब्लेडसारखी, आणि तरी प्रत्येक डमीच्या टोपीला चीर. मी धार परत लावली, ढाळ ३० डिग्रीवरून २० वर आणला, परत चीर. दोन रविवार यात गेले.

मग लक्षात आलं की शेडला पत्रा आहे आणि एप्रिल चालू आहे. पुण्यात दुपारी हवेत ओल असते कुठे. डमी सकाळी वळलेली दुपारपर्यंत वाळून कडकडीत, ती बोटाने दाबली तरी चिरते. सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात, माझ्या शेडमध्ये मीटर २० च्या आसपास दाखवत होता.

मीटरवर विश्वास ठेवायचा का हा पण प्रश्नच, चारशेचा डिजिटल. त्याची तपासणी घरी होते: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओला रबडा करा, विरघळवायचं नाही, मग झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. मिठामुळे आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझा मीटर ६८ दाखवत होता, म्हणजे सात कमी. आता डमी स्टीलच्या डब्यात, आत ओल्या स्पंजचा तुकडा, मीटर ६२ दाखवेल इतपत. दोन दिवसांनी त्याच पात्यांनी कापल्या, चिरा निम्म्याहून कमी.

निम्म्याहून कमी. शून्य नाही.

३ मे

उरलेल्या चिरा. आता कट भिंगाखाली बघितला. आतला तंबाखू स्वच्छ कापला जातोय, वरचं पान मात्र एका ठिकाणी कापलं जायच्या ऐवजी दोन पात्यांच्या मध्ये घडी होऊन शिरतंय आणि मग ओढून तुटतंय. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, दोन पात्यांमध्ये ०.३ मिमी सहज जातोय. हिशोब सोपा: दोन पाती ०.८ ची म्हणजे १.६, बॉडीच्या दोन प्लेटांमध्ये अंतर राखणारा स्पेसर २ मिमी शीटचा, प्रत्यक्षात १.९५ भरला. साडेतीन दशांश मिलिमीटर मोकळी जागा. वरचं पान त्याच्यापेक्षा पातळ असतं, ते घुसणारच. एवढे दिवस धारेच्या मागे लागलो होतो आणि चूक सगळी या खेळात, म्हणजे मोकळ्या जागेत होती. बाजारातले कटर दोन महिन्यांत चावायला लागतात ते पण बहुतेक याचमुळे, धार जाते म्हणून नाही. दाजींचा जुना कटर ताईकडून मागवला, धार अजून ठीकठाक, पाती मात्र लळत लोंबत होती.

स्पेसर सरफेस ग्राइंडरवर घासून १.६५ केले. आता खेळ ०.०५. टेबलवर ठेवून हलवलं की लोण्यासारखं चालतंय. हातात धरलं की जाम. कारण अंगठ्याचा दाब बॉडीवर येतो, २ मिमीची प्लेट थोडी का होईना दबते आणि पाती आवळली जातात. त्यात लेझरने कापलेल्या प्लेटा पूर्ण सपाट नसतात, काचेवर ठेवून बघितल्या तर एका कोपऱ्याखाली कागद जात होता. त्या पण घासल्या. तरी दोन-तीन कटनंतर तंबाखूचा एक कण आत गेला आणि बसलं परत. स्टेनलेसची प्लेट पण ओरबाडायला लागली.

सैल ठेवलं तर पान घुसतं, घट्ट केलं तर चालत नाही. मधलं ०.१ करून बघितलं, दोन्ही त्रास थोडे थोडे.

१४ मे

गुरुवार, भोसरीत लाइट नाही, शेड बंद. आमच्या गल्लीत सायकलवर सहाण लावलेला कात्रीवाला येतो, त्याला आईची शिवणाची कात्री दिली आणि सहज माझं पातं पण दाखवलं. त्याने पात्याकडे बघितलं पण नाही धड, आईची कात्री मिटवून उन्हाकडे धरली आणि म्हणाला, "यात उजेड दिसतोय का बघा." दिसतो. मिटलेल्या कात्रीच्या दोन पात्यांमध्ये मधोमध बारीक फट असते, पाती किंचित बाक दिलेली असतात, त्यामुळे कापताना ती फक्त त्या त्या क्षणी जिथे कापतायत तिथेच एकमेकांना टेकतात. "सपाटाला सपाट लावलं तर ते घासतंय नुसतं, कापत नाय. आणि ढिलं सोडलं तर कापड गिळतंय. स्क्रू हाय तो त्यासाठीच." चाळीस रुपये घेतले कात्रीचे. माझ्या पात्याचे काही नाही.

मी टूलरूममध्ये इतकी वर्षं प्रेस टूलच्या क्लिअरन्सचे हिशोब करतोय. पंच (पत्रा कापणारा ठोका) आणि डाय (त्याखालचा साचा) यांच्यामध्ये जागा ठेवायचीच असते त्यामुळे डोकं तिकडेच चालत होतं, किती जागा ठेवू, किती जागा ठेवू. इथे जागा ठेवायचीच नाहीये, टेकवून ठेवायचंय, हलक्या दाबाने.

१७ मे

रविवार पेठेत बोहरी आळीतून फॉस्फर ब्राँझची ०.१ मिमी शिम (पातळ पत्रा) घेतली. तिची अरुंद पट्टी कापून हलकी लाट दिली, पेन्सिलीवर दाबून, आणि वरच्या पात्याच्या पाठीमागे बसवली, भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. स्पेसर परत १.९५ वालेच. आता मोकळी जागा साडेतीन दशांशच आहे पण ती सगळी पात्याच्या पाठीमागे, लाट तिथे बसलीय आणि वरचं पातं खालच्यावर कायम टेकवून ठेवतेय. कण आला तर पातं किंचित उचललं जातं, कण पुढे जातो, परत टेकतं. अंगठ्याने बॉडी दबली तरी लाट दबते, पाती आवळत नाहीत.

डब्यातून डमी काढल्या, ओळीने कापल्या. टोपीला चीर नाही. कापलेली चकती टेबलवर पडते ती नाण्यासारखी सपाट. मग मुद्दाम बोथट पाती घालून बघितली, ती ३०४ ची धार वळलेली नाही, ईएन ४२ चीच पण जाणूनबुजून दगडावर मारलेली. तरी कट चालण्यासारखा. दाब जास्त लागला, पान फाटलं नाही.

लाट किती ठेवायची याचं माप सांगता येत नाही. कटर उभा धरला तर वरचं पातं स्वतःच्या वजनाने खाली घसरायला नको पण बोटाने ढकललं तर अडायला पण नको, तेवढी.

३१ मे

धार लावायची पद्धत, बऱ्याच जणांना इथे अडेल म्हणून लिहितो. आत वळलेली धार सपाट दगडावर लागत नाही. ड्रिल मशीनला रबरी ड्रम लावला, २० मिमीचा, त्यावर एमरी पेपरची नळी. कमान २२ ची आहे म्हणून ड्रम त्याहून लहान पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात बसतच नाही. ड्रम उभा, आणि पातं ठेवायला लाकडी ठोकळा ७० डिग्रीवर तिरका कापलेला, म्हणजे ढाळ २० चा येतो. पातं ठोकळ्यावर चुंबकाने धरायचं आणि हाताने हलवत न्यायचं. १८० चा पेपर, मग ४००, मग ८०० तेलात. शेवटी सपाट बाजू काचेवर ठेवलेल्या बारीक पेपरवर दोन-चार हात, बर (धारेला लटकलेला धातूचा बारीक काठ) निघून जातो. सपाट बाजूला कधीही ढाळ द्यायचा नाही, एकदा दिला की तिथून पान घुसायला परत वाट झाली.

घाई केली तर कडेला निळा डाग येतो, म्हणजे तिथलं पाणी उतरलं, तेवढी धार मऊ पडली. दोन पाती अशी गेली. प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्यात बुडवा. हाताला गरम लागलं म्हणजे उशीर झाला असं समजा.

१४ जून

मागची झडप. फार जास्त कापलं जाऊ नये म्हणून भोकाच्या पाठीमागे एक पत्रा, सिगारचं टोक त्याला टेकवायचं आणि दाबायचं. बोट हलत असली तरी खोली तीच. पत्रा पात्याच्या पाठीपासून २ मिमी मागे येतो, म्हणजे वेगळा स्पेसर लागत नाही, बॉडीची २ मिमी प्लेट असतेच मध्ये, तिच्याच पाठीवर रिव्हेट केला. नशिबाने जुळलं.

मॉन्टेक्रिस्टो नंबर २ सारख्या टोकदार सिगारला हे चालत नाही. तिचं टोक निमुळतं, दोन मिमीला भोक इतकं बारीक येतं की ओढताना गाल आत जातात. तिला पाच-सहा मिमी तरी कापावं लागतं. म्हणून पत्रा एका पिनवर फिरणारा केला, टोकदार सिगार असेल तर बाजूला सरकवायचा आणि नजरेने कापायचं. फिरणारा पत्रा खिशात आपोआप उघडू नये म्हणून ३ मिमीचं निओडिमियम चुंबक प्लेटमध्ये चिकटवलं. पण बॉडी आणि पत्रा दोन्ही ३०४, चुंबकाला लागतच नाहीत. हे चिकटवून झाल्यावर कळलं. पत्रा ईएन ४२ च्या उरलेल्या पट्टीचा केला, मग लागला.

५ जुलै

पाऊस सुरू झाला आणि पाती गंजली. ईएन ४२ म्हणजे साधं कार्बन स्टील, आठ दिवस ड्रॉवरमध्ये होतं तर तपकिरी ठिपके. हे बोटीवर खाऱ्या हवेत काय टिकणार. आधी तेलावर भागवता येईल असं वाटलं. शिलाई मशीनचं तेल लावलं तर वास येतो आणि सिगार वास लगेच धरते, दाजींनी फोनवरच नाही म्हणून सांगितलं. खोबरेल लावून ठेवलं तर काही दिवसांनी चिकट आणि खवट. केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला घेतात ते. रंग नाही, वास नाही, चव नाही. सरकणाऱ्या भागांना तेच. पण तेलाने गंज लांबतो, थांबत नाही.

ओळखीचा एक जण कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हचं काम करतो. कॉम्प्रेसरमध्ये झडपेसारखी पातळ पट्टी असते, उघडमीट करणारी, ती स्टेनलेसची असते, १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, कारखान्यातूनच कडक होऊन आणि आरशासारखी घासून येते. त्याच्याकडे ४० मिमी रुंद, ०.६ जाडीचे उरलेले तुकडे होते. फुकट दिले, चहा-मिसळ माझ्याकडून. हे मला मार्चमध्ये सुचलं असतं तर हीट ट्रीटमेंट आणि ईएन ४२ दोन्हीचे पैसे वाचले असते.

परत वायरकट, या वेळी सतराशे. स्पेसर बदलला, १.५ ची शीट, भरली १.४६, पाती दोन मिळून १.२. मोकळी जागा अडीच दशांश, तीच ब्राँझची लाट थोडी चपटी करून बसली. ०.६ चं पातं एकटं हातात घेतलं तर लवतं, भीती वाटली होती, पण दोन पाती एकमेकांना टेकलेली आणि पाठीवर लाट, त्यामुळे जागच्या जागी राहतात. उलट पातळ पात्यामुळे सिगारमध्ये पाचर कमी बसते, कापायला जोर कमी लागतो. पट्टी आधीच घासलेली असल्यामुळे सरकायला पण सुरेख.

मागचा पत्रा पण याच पट्टीचा केला, ही चुंबकाला लागते.

२ ऑगस्ट

दाजी जुलैमध्ये कटर घेऊन जॉइन झाले. विमानात केबिन बॅगेत ठेवू नका म्हणून मी सांगितलं होतं, चेक-इनमध्ये टाकला. तिकडून फोटो आलाय, सेरी डी नंबर ४, कट गोल आणि साफ, टोपीचा खालचा कडा शाबूत. तक्रारी दोन. तंबाखूचा चुरा मागच्या पत्र्याच्या आणि बॉडीच्या मध्ये साठतो, काडीने काढावा लागतो. पत्र्याला मध्ये १० मिमीचं भोक पाडायला पाहिजे, चुरा पडून जाईल आणि टोक टेकायला कडा उरेल. दुसरी, इंजिन रूममधून आल्यावर हाताला तेल असतं तेव्हा रिंगेतून अंगठा घसरतो. रिंगेला आतून चॅम्फर (कडेचा उतार) दिलाय तो जास्त गुळगुळीत झालाय, पुढच्या वेळी बफ करणार नाही.

खारी हवा लागून पात्यांना अजून काही झालेलं नाही म्हणतात. आठवड्याला पॅराफिनचा एक थेंब चालू आहे.

खर्चाचं विचारलंय काही जणांनी. वर लिहिलेलं आणि न लिहिलेलं धरून अकरा हजाराच्या आसपास, ज्यात हातात असलेल्या कटरला लागलेला खराखुरा माल आणि जॉबवर्क साडेतीन हजाराच्या आत येईल, बाकी सगळं शिकण्यात. माझे तास धरलेले नाहीत, बायकोने धरलेत.

मापं एका जागी: भोक २२, कमान त्रिज्या ११, कान मध्यरेषेच्या २ पुढे, पात्याची रुंदी ३२, प्रत्येक पात्याची धाव १२.५ (११ मध्यापर्यंत आणि दीड पुढे, नाहीतर शेवटचा धागा राहतो), ढाळ २० डिग्री एकाच बाजूने, पातं ०.६, स्पेसर १.४६, लाट ०.१ च्या शिमची, रिंग आतून २६. स्पेसर शीटची जाडी कागदावर लिहिलेली धरू नका, आणलेली शीट स्वतः मोजा आणि त्यावरून लाट ठरवा.

मागच्या पत्र्याची पिन माझ्या ड्रॉइंगमध्ये उजवीकडे आहे, उजव्या हाताने धरलं की तर्जनीने पत्रा सरकतो. दाजींचा सेकंड इंजिनिअर डावखुरा निघाला आणि त्यालाही एक हवाय, त्याच्या बोटांना तो पत्रा पोचत नाही. डावखुऱ्यांनी फक्त पत्रा मिरर करून चालणार नाही, चुंबकाची खाच पण दुसऱ्या बाजूला घ्यावी लागेल, नाहीतर ती नेमकी रिव्हेटवर येते.